गाणाऱ्यावर गुन्हा, गाण्यावर दुसऱ्याचे नाव

१३ मे २०२५ रोजी नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात वीरा साथीदार यांच्या स्मृतीनिमित्त एक कार्यक्रम झाला. त्यात काही तरुणांनी फैज अहमद फैज यांची 'हम देखेंगे' ही नज्म गायली. गाणे संपले, टाळ्या झाल्या, लोक घरी गेले. त्यानंतर तक्रार झाली, सीताबर्डी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लावले गेले. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्याला शिक्षा देणारे हे कलम आहे. राजद्रोहाचे जुने कलम गेले असे आपल्याला सांगितले जाते. ते कुठे गेले, हे या गुन्ह्याच्या कागदावर दिसते. गुन्ह्यात आयोजकांबरोबर साथीदार यांच्या पत्नीचेही नाव आले.

आक्षेप दोन होते. कवी पाकिस्तानी आहे, हा एक. गाण्यात तख्त उलथण्याची भाषा आहे, हा दुसरा. फैज यांनी ही नज्म पाकिस्तानचाच लष्करशहा झिया-उल-हक याच्या राजवटीत लिहिली, आणि तिकडच्या सत्तेलाही ती अशीच टोचली होती, हे तक्रार करणाऱ्याच्या गावी असण्याची अपेक्षा आम्ही ठेवत नाही.

पण वीरा साथीदार कोण होते हे आपल्याला माहीत असायला हवे. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात त्यांनी नारायण कांबळे या वयस्कर लोकशाहिराची भूमिका केली. त्या शाहिरावर आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये साथीदार कोरोनाने गेले. पडद्यावर ज्याने गाण्यापायी खटला भोगला, त्याच्याच स्मृतिसभेवर गाण्यापायी गुन्हा दाखल व्हावा, असा प्रसंग कथालेखकाने लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

तेव्हा प्रश्न असा की, सत्तेला गाण्याची भीती नेमकी कधी वाटते, आणि त्याची किंमत कोण भरतो? हा प्रश्न आम्हाला आमच्या तरुण वाचकांशी बोलावासा वाटतो, कारण आज विद्रोहाचे गाणे जलशाच्या फडावर कमी आणि मोबाईलवर जास्त आहे. डफ गेला आणि बीट आला. गाणारा पोरगा घरच्या खोलीत रेकॉर्ड करतो, मित्र कॅमेरा धरतो आणि संध्याकाळपर्यंत गाणे लाख लोकांनी पाहिलेले असते. शाहिराला गावोगाव पोचायला हयात लागायची.

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्राने याची चुणूक पाहिली. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरने पन्नास खोक्यांवर एक गाणे केले. गाण्यात कोणत्याही नेत्याचे वा पक्षाचे नाव नव्हते. तरीही ते आपल्याच नेत्यावर आहे हे ओळखून सत्ताधारी पक्षाच्या युवा संघटनेतून तक्रार झाली आणि अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. (नाव न घेता कोणाला 'चोर' म्हटले आणि ते आपल्यालाच लागले असे कोणी लेखी कळवले, यावर निराळ्या भाष्याची गरज नाही.) त्याच सुमारास उमेश खाडे या मुंबईच्या तरुणाच्या 'भोंगळी केली जनता' या रॅपवर वडाळ्यात गुन्हा नोंदला गेला. त्याने तर थेट जनतेच्या हालांचे गाणे केले होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. खोक्यांची घोषणा मुंगासेने शोधून काढलेली नाही. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून तीच घोषणा रोज देत होते आणि वाहिन्या ती दाखवत होत्या. त्या पायऱ्यांवर गुन्हा घडला नाही. तेच शब्द एका सामान्य घरातल्या पोराने ठेक्यात बसवले तेव्हा समाजात तेढ निर्माण झाली! म्हणजे गुन्हा शब्दांचा नव्हता. आमदार बोलतो तेव्हा ते राजकारण असते आणि ते राजकारण आपसात मिटवता येते. गाणे तसे मिटवता येत नाही. ते लहान पोरांच्या तोंडी बसते, लग्नाच्या वरातीत वाजते, चहाच्या टपरीवर वाजते. सत्तेला खुपते ती ही गोष्ट.

दोन वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, विनोदवीर कुणाल कामरा याने एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन केले. पुन्हा नाव न घेता, पुन्हा तोच नेता. मुंबईतल्या खारमधील ज्या स्टुडिओत कार्यक्रम झाला होता त्याची तोडफोड झाली. तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कामराने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना त्याला अटक करू नये असा आदेश दिला. आम्ही कामराच्या बाजूने आहोत, यात शंका नको. पण फरक पाहा. त्याच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रांचे अग्रलेख होते, ज्येष्ठ वकील होते, देशभरचे प्रेक्षक होते. मुंगासे आणि खाडे यांच्यासाठी काही विरोधी नेत्यांची ट्विटे होती आणि मग पुढची बातमी आली. गाणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे, यावर त्याच्या गुन्ह्याचे वजन ठरते.

आणि ज्याच्या पाठीशी कोणीच नाही, त्याचे काय होते हे पाहायला पुण्याच्या कबीर कला मंचाकडे पाहावे लागते. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर उभा राहिलेला हा वस्तीतल्या मुलामुलींचा गट. खैरलांजी, जात, महागाई, धरणग्रस्त असे विषय घेऊन ते गात. २०११ पासून त्यांच्यावर नक्षलवादाचे आरोप सुरू झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर आले आणि सत्याग्रह म्हणून स्वतःला अटक करवून घेतली. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना काही महिन्यांत उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडावे लागले, तोही सर्वोच्च न्यायालयाकडून. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे आणि गायचोर पुन्हा तुरुंगात गेले, या वेळी ज्योती जगताप यांच्यासह.

ज्योती जगताप यांचा जामीन ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारला. तो आदेश प्रत्येक गाणाऱ्याने एकदा वाचावा. आरोपांचा मुख्य भाग माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण न्यायालयाने मंचाच्या सादरीकरणातील मजकुराचीही दखल घेतली. 'अच्छे दिन', गोमूत्र, पंतप्रधानांचे दौरे, नोटबंदी, दलितांवरील अत्याचार यांवरची टिप्पणी ही लोकनियुक्त सरकारची खिल्ली उडवणारी आणि ते उलथवू पाहणारी आहे, अशा आशयाचे निरीक्षण त्यात आले. नोटबंदीची खिल्ली २०१६ नंतर कोणी उडवली नाही? व्हॉट्सअॅपवरच्या प्रत्येक ग्रुपने उडवली. पण पुण्याच्या वस्तीतल्या एका मुलीने ती स्टेजवरून उडवली, तर यूएपीएच्या जामिनाच्या सुनावणीत ती तिच्या विरोधात मोजली जाते. यूएपीएत खटला संपायच्या आधीच शिक्षा भोगून होते, हे आता वेगळे सांगायला नको. आम्हाला कोणी विचारते की आजचे तरुण शाहीर एवढे सावध का झाले, तर आम्ही त्यांना ही तारखांची यादी सांगतो.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. सरकार म्हणते, हे फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे. पण बेकायदेशीर कृत्याची जी व्याख्या त्यात आहे ती केवळ हत्यारापुरती नाही. बोललेले वा लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य सादरीकरणही तिच्यात येते. म्हणजे गाणे, पोस्टर, पथनाट्य, रील. आणि मुख्य वार संघटनेवर आहे. एकटा रॅपर फार तर गुन्ह्यात अडकेल, पण कलापथक ही 'संघटना' असते. उद्या एखाद्या कलापथकावर बोट ठेवले, तर त्याला वर्गणी देणारा, सभागृह देणारा, तालमीला जागा देणारा असे सगळेच विचारात पडतील. गाणाऱ्याला पकडण्यापेक्षा त्याला सतरंजी देणाऱ्याला घाबरवणे स्वस्त पडते.

आता थोडे आपल्या घरातल्या वादाकडे वळतो. रॅपमधली शिवीगाळ आपल्या अनेक ज्येष्ठांना खटकते. धम्म सम्यक वाचा सांगतो आणि आमची पोरे माईकवर आईबहिणीवर येतात, असे एका विहारातल्या चर्चेत आम्ही ऐकले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आईबहिणीवरची शिवी ही बाईवरच पडते, सत्तेवर पडत नाही. ती विद्रोह नव्हे, त्याच जुन्या व्यवस्थेची उचल आहे. पण कठोर बोलणे आणि शिवी एकच नव्हे. मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. बुद्ध कधी कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात का, असा पेचाचा प्रश्न घेऊन राजपुत्र अभय येतो. त्याच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल असते. बुद्ध त्यालाच विचारतात, की या बाळाने खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजपुत्र म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण माझी त्याच्यावर करुणा आहे. मग बुद्ध सांगतात, की जे सत्य आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत ते बोलतात, फक्त वेळ पाहून बोलतात. रॅप लिहिणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही हेच सुत्त सुचवू. खडा काढायला बोट घाला, पण खडा नसताना रक्त काढू नका.

पोलिसांचे झाले. पण गाणे मारायचा दुसराही मार्ग आहे आणि त्यात गुन्हा दाखल करावा लागत नाही. त्यासाठी तमिळनाडूकडे पाहू.

दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने संगीतकार तेन्मा यांच्याबरोबर 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा केला आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या झोपडपट्ट्यांत मयतीच्या वेळी गायला जाणारा 'गाना' हा प्रकार, त्याला परईचा ठेका आणि जोडीला रॅप व रॉक. विषय आरक्षण, गोमांस, ऑनर किलिंग. त्यातली गायिका इसैवाणी 'गाना' या पुरुषांच्या प्रांतात उतरली आणि २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत गेली. शबरीमलाच्या प्रवेशावर तिने गायलेल्या गाण्यासाठी २०२४ मध्ये, म्हणजे गाणे येऊन सहा वर्षे झाल्यावर, तिला पुन्हा धमक्या आल्या.

या वाद्यवृंदाच्या नावाशी आपले नाते आहे, आणि ते महाराष्ट्रात फारसे कोणाला माहीत नाही. 'जात नसलेले तमिळ' ही कल्पना पंडित अयोथीदास यांची. त्यांनी १८९८ मध्ये श्रीलंकेत जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला, मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ काढला आणि १९०७ पासून एक पैसा किमतीचे साप्ताहिक चालवले. तमिळ अस्पृश्य हे मुळात बौद्धच होते, अशी त्यांची मांडणी. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या अठ्ठावन्न वर्षे आधीची ही गोष्ट. चेन्नईतली पोरे गिटार घेऊन जे गातात त्याच्या मुळाशी बुद्ध आहे, हे ऐकून आमच्या काही मित्रांना आनंद झाला आणि काहींना थोडी लाजही वाटली, की आपण हे इतक्या उशिरा ऐकतो आहोत.

याच गटातून अरिवु आला. मार्च २०२१ मध्ये त्याचे आणि धी या गायिकेचे 'एन्जॉय एन्जामी' आले, संगीत संतोष नारायणन यांचे. गाणे देशभर नाचले गेले. आपल्याकडच्या लग्नांतही वाजले, शब्द कळत नसताना. त्या नाचाच्या गाण्यात काय आहे? अरिवुची आजी वल्लीअम्माल आणि तिच्यासारखे असंख्य भूमिहीन, जे श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबायला नेले गेले आणि पुढे परत पाठवले गेले. ज्यांनी झाडे लावली त्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, हा त्याचा आशय.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाचे मुखपृष्ठ आले. त्यावर धी होती, दुसरा एक गायक होता, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर हरकत घेतल्यावर त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईला बुद्धिबळ ऑलिम्पियाडचे उद्घाटन झाले, पंतप्रधान समोर होते. तिथे हे गाणे झाले, अरिवु मंचावर नव्हता. त्यानंतर त्याने समाजमाध्यमावर लिहिले की हे गाणे आपण लिहिले, रचले, गायले, आणि त्यासाठी महिनोन्महिने झोप घालवली. संतोष नारायणन यांचे म्हणणे वेगळे होते: हे तिघांचे मिळून काम आहे आणि उत्पन्नाचे हक्कही समान आहेत. मार्च २०२४ मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितले, की ज्या कंपनीमार्फत गाणे आले तिच्याकडून तिघांपैकी कोणालाही एक रुपया मिळालेला नाही.

श्रेयाच्या वादात कोण किती बरोबर, याचा निवाडा आम्ही इथून करणार नाही. पण जमीन कसूनही जमीन हाती न आलेल्यांचे गाणे, आणि ते गाणाऱ्याला त्याच गाण्याच्या मालकीसाठी भांडावे लागते. एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

आणि हे फक्त तमिळनाडूत घडते असे मानण्याचे कारण नाही. वामनदादा कर्डकांनी हयातभर गाणी लिहिली, सायकलवर, एस्टीने, पायी फिरून गायली. आज त्यातली किती गाणी त्यांच्या नावाशिवाय वाजतात? १४ एप्रिलला आपल्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवर जे रिमिक्स वाजते, त्याच्या मूळ कवीचे नाव ट्रकवरच्या दहा पोरांना विचारून पाहा. आम्ही विचारले आहे. उत्तर मिळते ते डीजेचे नाव. कंपनीने कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा छापला आणि कवीचे नाव बारीक टाकले किंवा टाकलेच नाही, आणि आपणही कधी ते शोधले नाही. बाबासाहेबांच्या हयातीत भीमराव कर्डकांचे जलसे माणसे जागवायचे काम करत. त्या परंपरेतले शब्द आपण बासच्या आवाजात बुडवले आणि त्याला उत्साह म्हटले. पोलिसांनी बंदी न घालताही गाण्यातला विद्रोह काढून घेता येतो, याचे उदाहरण दूर शोधायला नको.

डीजे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पंजाबच्या जालंधरची गिन्नी माही हाच भपका, हाच ठेका वापरते आणि त्यावर रविदासिया समाजाचा स्वाभिमान आणि बाबासाहेब गाते. जे नाव शिवीसारखे वापरले जायचे ते तिने गाण्याच्या शीर्षकात घातले. २००९ मध्ये व्हिएन्नात डेरा सचखंड बल्लांचे संत रामानंद यांचा खून झाल्यावर पंजाबात या गाण्यांची लाट आली. महाराष्ट्रात माही जी ही महादेव कोळी समाजातली मुलगी रॅपमधून आदिवासींचे आणि गटारात उतरणाऱ्या कामगारांचे प्रश्न मांडते. ठेका शत्रू नाही. शब्द ऐकू आले पाहिजेत आणि ते कोणाचे आहेत ते कळले पाहिजे.

याला कायद्याची बाजूही आहे आणि ती आपल्या बाजूची आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क दिला आहे, आणि कंपनीने करारात काहीही लिहून घेतले तरी तो सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस ही अशी नोंदणीकृत सोसायटी आहे. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. आपल्या वस्त्यांत अशा किती गीतकारांची मुले मजुरीला जातात आणि बापाचे गाणे दुसऱ्याच्या चॅनलवर पैसे कमावते, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तालुक्यातालुक्यात बसून जुन्या गायकांकडून गाणी, कवींची नावे आणि वारस लिहून घेणे हे काम कोणत्याही युवा मंडळाला एका उन्हाळ्यात करता येईल.

गुन्ह्याच्या बाबतीतही तसेच. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. तेव्हा आपल्याकडे काय होते? आज निदान प्रत्येक जिल्हा न्यायालयात आपली शिकलेली मुले वकिली करतात. नागपूरच्या गुन्ह्याची बातमी आली तेव्हा आम्हाला सर्वात आधी आलेला फोन अमरावतीच्या एका रॅप करणाऱ्या विद्यार्थ्याचा होता. त्याने विचारले, "दादा, नोटीस आली तर पहिल्या दिवशी कोणाला फोन करायचा?" आमच्याकडे त्याला द्यायला दोन वकील मित्रांचे नंबर होते, संघटनेचा नंबर नव्हता. बहुतेक मंडळांच्या जयंतीच्या वर्गणीच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतात. डीजेची बयाणा रक्कम ठरते त्याच बैठकीत वकिलाच्या फीचा विषय घ्यावा, असे आम्ही आमच्या भागातल्या तीन मंडळांना लेखी कळवले आहे.